फिरते घर ओढणारी गाडी

वाचकहो, रायपूरहून फिरते घर घेऊन सहकुटुंब बस्तरास निघावयाचे असेल, तर ते ओढणारी व्हॅन केवळ रंगरूप पाहून निवडू नका. जगदलपूर सुमारे 300 किलोमीटर दूर. वाटेत केशकाल घाटाची 12 वळणे. चढावर इंजिनाचा जोर कामी येतो. उतारावर मात्र मागचे ओझेच गाडीला पुढे ढकलते. तेथे प्राण वाचवितात ते ब्रेक आणि खालचा गियर. म्हणून पाणी-सामानाने भरलेल्या घराचे वजन करून ते गाडीच्या ठरलेल्या ओढमर्यादेशी ताडून पाहा. जड सामान मागे रचल्यास घर हेलकावे खाते. बैल घेताना शेतकरी शिंगांच्या डौलावर भुलत नाही, खांदा पाहतो. आपण ओढण्याइतकेच थांबण्याचे बळही पाहावे.