फुटबॉलचा राष्ट्रविजेता कोणास म्हणावें?

[नभोवाणीवरील भाषण]

मी न्हावा-शेव्याचा रहिवासी. येथील बंदर १९८९ सालीं सुरू झालें आणि तेव्हांपासून आमच्या उरण तालुक्यांत निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबें येऊन राहिलीं. त्यांच्याबरोबर त्यांचे खेळांतले अभिमानहि आले. २०२४ सालच्या मे महिन्यांत एके सकाळीं तीन मुलें भांडत भांडत माझ्या ओटीवर आलीं. आदल्या रात्रीं, म्हणजे ४ मे रोजीं, मुंबई सिटी या संघानें कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानचा ३-१ असा पराभव केला होता. आमच्या गांवचा मुलगा म्हणे, "राष्ट्रविजेती मुंबई!" बंगाली मुलगा म्हणे, "छे! १५ एप्रिललाच आम्हीं मुंबईला २-१ असें हरवून ढाल घेतली, राष्ट्रविजेते आम्ही!" तिसरा मुलगा मडगांवचा, तो कांहींच बोलेना. पहिल्या दोघांनीं एकदम म्हटलें, "गुरुजी, निकाल द्या!"

उभा जन्म मीं मुलांना इतिहास शिकविला. पण मला चटकन् निकाल देतां आला नाहीं. कारण दोघांचेंहि म्हणणें खरें होतें. राजांची यादी पाठ करण्याआधीं तीं नांवें कोणत्या राज्याचीं, हें विचारावें लागतें. विजेत्यांच्या यादीचेंहि तसेंच आहे. म्हणून ही यादी आपल्या देशांत कशी घडत गेली, तें आज आपणांस सांगावें असें मीं योजिलें आहे.

आरंभीं आपल्याकडे होते ते केवळ चषक. १८८८ सालीं सिमल्यास ड्युरँड चषक सुरू झाला आणि १८९१ सालीं मुंबईंत रोव्हर्स चषक. पहिला रोव्हर्स चषक वूस्टरशायर पलटणीनें जिंकला व पुढें कित्येक वर्षें गोऱ्या पलटणींचेंच नांव त्यावर कोरलें जात असे. तो मान पहिल्यानें एखाद्या हिंदी संघाकडे आला तो १९३७ सालीं, बंगलोर मुस्लिम्स या संघाच्या रूपानें. पुढें १९५० ते १९५४ अशीं ओळीनें पांच वर्षें हैदराबाद पोलिसांनीं हा चषक जिंकला. कूपरेजच्या मैदानावरील हे सामने पाहण्यास मुंबईकर लोटत. परंतु या स्पर्धांची पद्धत बाद करण्याची. एक दिवस वाईट गेला कीं संघ घरीं! अशा विजेत्यास शूर म्हणावें. साऱ्या वर्षाचा श्रेष्ठ म्हणावें कीं काय, हा प्रश्न उरतोच.

दुसरा प्रकार प्रांतांच्या स्पर्धेचा. संतोष करंडक १९४१ सालीं सुरू झाला आणि पहिल्याच वर्षीं बंगालनें तो जिंकला. मुंबईनें १९५४ सालीं व महाराष्ट्रानें १९६३ सालीं हा मान मिळविला. गोव्याचेंहि नांव त्यावर आहे. २०२४ अखेर बंगालनें ३३ व्या वेळीं करंडक नेला, यावरून त्या प्रांताचें प्रभुत्व ध्यानांत येईल. पण येथें विजय प्रांताचा असतो. वर्षभर एकत्र सराव करणारा क्लब निराळा, आणि स्पर्धेपुरता निवडलेला प्रांताचा संघ निराळा.

आश्चर्य असें कीं, आपल्या फुटबॉलचा उत्तम काळ होता तेव्हां आपल्याकडे राष्ट्रीय साखळी स्पर्धा नव्हती. १ डिसेंबर १९५६ रोजीं मेलबोर्न येथील ऑलिंपिकमध्यें आपल्या संघानें खुद्द ऑस्ट्रेलियास ४-२ असें हरविलें. त्यांतील तीन गोल मुंबईचे नेव्हिल डिसूझा यांनीं केले, आणि आपला देश त्या ऑलिंपिकमध्यें चौथा आला. त्या वेळीं ऑस्ट्रेलियांतहि राष्ट्रीय साखळी नव्हती. त्यांनीं ती १९७७ सालीं सुरू केली; आम्हांस १९९६ साल उजाडावें लागलें.

साखळी स्पर्धेचें मर्म सोपें आहे. प्रत्येक संघानें प्रत्येक संघाशीं आपल्या व परक्या मैदानावर खेळावयाचें. विजयास तीन गुण, बरोबरीस एक. हंगामाच्या अखेरीस ज्याचे गुण अधिक तो विजेता. येथें एका दिवसाच्या दैवाला थारा थोडा. पहिली राष्ट्रीय साखळी फगवाड्याच्या जे. सी. टी. मिल्सनें जिंकली. पुढें कलकत्त्याचे मोहन बागान व ईस्ट बंगाल यांनीं प्रत्येकी तीनदां हा मान मिळविला. १९९८-९९ मध्यें गोव्याचा साळगांवकर संघ विजयी झाला, आणि २००५-०६ मध्यें मुंबईचा महिंद्र युनायटेड. त्या साखळीचें अजिंक्यपद मुंबईकडे आलें तें एवढें एकदांच. आणि २०१० सालीं तो संघच बंद झाला! पुढल्या वर्षीं जे. सी. टी.नेंहि आपला संघ मोडला. गिरण्या-कारखान्यांच्या पदरीं वाढलेले संघ धन्याचा विचार पालटतांच नाहींसे होतात, हें त्यावरून दिसतें.

आतां त्या मडगांवच्या मुलाकडे वळूं. २००७ सालीं राष्ट्रीय साखळीचें नांव बदलून 'आय-लीग' झालें. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सात हंगाम झाले, आणि सातहि अजिंक्यपदें गोव्यांत गेलीं : धेंपे, धेंपे, चर्चिल ब्रदर्स, धेंपे, साळगांवकर, धेंपे, चर्चिल ब्रदर्स. २००४-०५ चें धरून एकट्या धेंपे संघाचीं पांच झालीं. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें ज्या राज्याची लोकसंख्या पंधरा लाखांहूनहि कमी, त्यानें साऱ्या देशास सात वर्षें मागें ठेविलें. फुटबॉलच्या इतिहासांत याला तोड थोडी सांपडेल.

मग हीं नांवें मुलांच्या तोंडीं कां नाहींत? २०१४ सालीं 'इंडियन सुपर लीग' ही नवी स्पर्धा नव्या संघांसह निघाली. आरंभीं ती दोन-तीन महिन्यांची होती. कांहीं वर्षें दोन्ही स्पर्धा शेजारीं शेजारीं चालल्या आणि अखेर नवीस अग्रस्थान मिळालें. या बदलाची चाहूल लागतांच २०१६ सालीं धेंपे, साळगांवकर व स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन संघ आय-लीगमधून बाहेर पडले. आमच्या मुलांची यादी सुरू होते ती २०१४ पासून. त्यामागील सारें जणूं घडलेंच नाहीं!

या नव्या स्पर्धेंत आणखी एक घोळ झाला. साखळींत पहिल्या येणाऱ्या संघास २०१९-२० पासून ढाल मिळूं लागली. नंतर वरच्या संघांचे बाद सामने होऊन अंतिम विजेत्यास चषक मिळत असे. पहिली ढाल एफ. सी. गोवा संघानें नेली. तेव्हांपासून २०२४-२५ पर्यंतच्या सहा हंगामांत ढाल व चषक एकाच घरीं गेले ते दोनदांच : २०२०-२१ मध्यें मुंबई सिटीकडे व २०२४-२५ मध्यें मोहन बागानकडे. बाकी चारहि वर्षीं मानकरी दोन. २०२४ सालीं साखळीअखेर मोहन बागानचे गुण ४८ व मुंबईचे ४७. एका गुणानें ढाल गेली आणि तीन आठवड्यांच्या आंत चषक आला.

अन्य देशांत काय रीत आहे? इंग्लंडमध्यें साखळींत पहिला तोच विजेता; पुढें अंतिम सामना नाहीं. ऑस्ट्रेलियांत उलट. तेथील नवी साखळी २००५-०६ मध्यें सुरू झाली तेव्हां गुणांत पहिला ॲडिलेडचा संघ होता. परंतु अंतिम सामना सिडनीनें जिंकला व राष्ट्रविजेता म्हणून नांव लागलें तें सिडनीचें. म्हणजे विजेता मैदानावर ठरतो हें खरें; पण कोणत्या नियमानें, हें आधीं कागदावर ठरलेलें असतें. क्वचित् तो कागद न्यायासनापुढेंहि जातो. आय-लीग ही तोंवर दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा झाली होती. तिच्या २०२४-२५ च्या हंगामांत चर्चिल ब्रदर्स प्रथम विजेते म्हणून जाहीर झाले. पण वाद स्वित्झर्लंडमधील क्रीडा-लवादाकडे गेला आणि १८ जुलै २०२५ रोजीं अजिंक्यपद इंटर काशी संघास मिळालें.

असो. त्या सकाळीं मीं मुलांस असा निकाल दिला : "वर्षभराचें सातत्य पाहावयाचें तर ढाल मोठी, आणि माझें मत तिच्याच बाजूला आहे; पण चषकहि कोणी दान दिलेला नाहीं. दोन्ही नांवें लिहा, मात्र एकाच रकान्यांत कोंबूं नका." मग आम्हीं एक मोठा कागद घेऊन त्यावर तीन रकाने आंखले : वर्ष, विजेता, आणि तो कोणत्या रीतीनें ठरला. आरंभ केला १९९६ पासून. जे. सी. टी. आलें, महिंद्र आलें. २००६-०७ च्या ओळीपाशीं आलों तेव्हां तोंवर गप्प बसलेल्या मडगांवच्या मुलानें माझ्या हातांतली पेन्सिल मागून घेतली आणि पुढल्या सात ओळी त्यानें आपल्या हातानें भरल्या. त्याच्या आजोबांनीं हे सामने फातोर्ड्याच्या मैदानावर पाहिले होते, असें त्यानें लिहितां लिहितां सांगितलें.

श्रोतेहो, आपल्याहि घरीं असा वाद निघाल्यास निकाल देण्याची घाई करूं नये. आधीं यादी कोणत्या सालापासून धरली आहे तें विचारावें, आणि घरांत वडीलधारें कोणी असल्यास त्यांना जवळ बसवून घ्यावें.