पेन्शनवर आलेले घर : सैनिक कुटुंबाचे नागरी जीवनातील पुनर्वसन

प्रस्तावना :

सातारा जिल्ह्याच्या ग्रामीण भागात सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाविषयी ‘तो पेन्शनवर आला’ असे म्हणण्याची पद्धत आहे. शिक्षक किंवा तलाठी निवृत्त ‘होतो’, सैनिक मात्र ‘येतो’. इतकी वर्षे तो जणू लांबच्या सुट्टीवर होता आणि आता आपल्या जागी परतला, असे गाव गृहीत धरते. प्रत्यक्षात त्याच्यासोबत येणाऱ्या पत्नीने गावात सलग एक वर्षही काढलेले नसते आणि मुलांना तर गाव म्हणजे मे महिन्यातील जत्रा एवढेच ठाऊक असते. काही घरांत याच्या उलट असते. पत्नी व मुले गावातच राहिलेली असतात आणि घराला अनोळखी असतो तो स्वतः सैनिक.

‘माजी सैनिकांचे पुनर्वसन’ या शासकीय संज्ञेत एक व्यक्ती आणि तिची दुसरी नोकरी एवढाच आशय सामावतो. प्रस्तुत लेखात पुनर्वसनाचा विचार कुटुंबाच्या अंगाने केला आहे. सैनिकाच्या सेवामुक्तीला एक तारीख असते. कुटुंबाच्या स्थलांतराला अशी तारीख नसते; ते काही वर्षे चालू राहते आणि त्याचा मोठा भार पत्नीवर व शिकणाऱ्या मुलांवर पडतो. या काळात कुटुंबाचा ज्या नागरी संस्थांशी संबंध येतो, त्यांत आपली महाविद्यालयेही आहेत, म्हणून हा विषय प्राध्यापकवर्गापुढे मांडावासा वाटला.

पश्चिम महाराष्ट्रात हा अनुभव जुना आहे. पहिल्या महायुद्धात सातारा तालुक्यातील अपशिंगे या एका गावाचे ४६ सैनिक कामी आले आणि पुढे ते गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीनेही ही परंपरा आपल्या नावातच धारण केली आहे. अशा गावांत सैन्यात जाणाऱ्यांच्या कथा भरपूर ऐकायला मिळतात; परतणाऱ्यांच्या घरात काय घडते, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

छावणीतील व्यवस्था :

राज्य शासनाचा बहुसंख्य कर्मचारीवर्ग ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. शिपाई, नाईक किंवा हवालदार या हुद्द्यांवरील सैनिक मात्र पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. निवृत्तिवेतनासाठी त्याला किमान १५ वर्षांची सेवा आवश्यक असते. इतर नोकरदारांच्या घरी निवृत्तीच्या वेळी मुले कमावती झालेली असतात. येथे मोठी मुलगी दहावीत आणि धाकटा मुलगा पाचवीत असतो. कुटुंबाचा खर्च वाढू लागतो नेमक्या त्याच वेळी वेतनाचे निवृत्तिवेतन होते, ही या प्रश्नाची आर्थिक बाजू होय.

तथापि केवळ पैशाने हा प्रश्न उलगडत नाही. छावणीत राहणाऱ्या कुटुंबासाठी सैन्य हेच नगरपालिका, दवाखाना, दुकान आणि शेजार असते. नळ गळला तर एमईएसकडे तक्रार नोंदवायची, मूल तापले तर एमआय रूममध्ये न्यायचे, महिन्याचे सामान कँटीनमधून भरायचे. पती ‘फील्ड’ला असला तरी युनिटमधील कोणीतरी विचारपूस करीत असते. एके दिवशी क्वार्टरच्या काचा, पंखे, नळ मोजून परत दिले जातात आणि ही सर्व व्यवस्था एकाच वेळी संपते. त्यानंतर विजेसाठी एक कार्यालय, पाण्यासाठी दुसरे, शिधापत्रिकेसाठी तिसरे. कँटीनची सोय निवृत्तीनंतरही असते आणि १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजनाही आहे. पण तिचे पॉलिक्लिनिक दूरच्या शहरात आणि सासूबाईंचे गुडघे गावात, अशी स्थिती अनेक घरांत असते.

घर, वाटणी आणि पत्नी :

सैनिकाला निवृत्तिवेतनाचा निम्म्यापर्यंतचा भाग विकून एकरकमी रक्कम घेता येते. हा भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. त्यात उपदान, भविष्य निर्वाह निधी, विमा यांची भर पडते. आयुष्यात एकदाच हाती येणारी ही रक्कम बहुधा सिमेंट-विटांत जाते. प्रश्न असतो तो घर कोठे बांधायचे हा.

वरवर पाहता उत्तर सोपे असते, वडिलोपार्जित जागेत. पण सैनिक वीस वर्षे घरी पैसे पाठवीत असताना शेती भावाने कसलेली असते, आईवडिलांचे आजारपण भावजयीने काढलेले असते. पाठविलेल्या पैशातून खोदलेली विहीर कोणाची? सातबाऱ्यावर नावे सामाईक असतात, हिशेब मात्र कोणी लिहून ठेवलेला नसतो. जोपर्यंत तो वर्षातून एकदा सुट्टीवर येत होता तोपर्यंत हा प्रश्न उपस्थित झाला नव्हता. तो कायमचा येताच वाटणीचा विषय निघतो. येथे कोणाची लबाडी शोधण्याचे कारण नाही. दोन्ही भावांनी घरासाठी खस्ता खाल्लेल्या असतात. एकाच्या कष्टाच्या मनीऑर्डरीच्या पावत्या असतात, दुसऱ्याच्या नसतात एवढेच.

त्यामुळे ‘गावी परतलेली’ अनेक कुटुंबे वास्तविक गावात राहतच नाहीत. सातारा, कराड, कोरेगाव अशा ठिकाणी गुंठा-दीड गुंठ्याचा प्लॉट घेऊन ती स्थिरावतात. मुलांच्या शिक्षणासाठी, असे कारण सांगितले जाते आणि ते खरेही असते. पण ते एकमेव कारण नसते.

जी पत्नी गावातच राहिली तिचा विचार तर क्वचितच होतो. तिने पंधरा-वीस वर्षे बँक, सोसायटी, शाळा, पेरणी, लग्नकार्ये एकटीने सांभाळलेली असतात. आता घरात असा पुरुष येतो की ज्याला पाचला उठणे, ठरल्या वेळी जेवण आणि आज्ञेचे तत्काळ पालन यांची सवय आहे. एका सुभेदारांच्या पत्नीने प्रस्तुत लेखिकेशी बोलताना सांगितले, “साहेब आले त्याचा आनंद झाला, मॅडम. पण पहिलं वर्षभर मला माझ्याच घरात विचारून चहा ठेवावा लागला.” त्यांच्या पतीला गाव आजही ‘सुभेदारसाहेब’ म्हणून हाक मारते. या मानाचा आणि खाजगी बँकेच्या दारावर सुरक्षारक्षक म्हणून उभे राहण्याचा मेळ घालणे त्यांनाही सोपे गेले नाही. पुनर्वसन महासंचालनालयातर्फे सेवेच्या अखेरच्या काळात प्रशिक्षण दिले जाते, शासकीय नोकऱ्यांत आरक्षणही आहे; तरीही सुरक्षारक्षकाची नोकरी हाच सर्वांत जवळचा रस्ता राहतो, ही वस्तुस्थिती आहे.

दाखले, भाषा आणि प्रवेश :

आपल्याकडे विवाहानंतर मुलीचे आडनावच नव्हे, तर पुष्कळदा पहिले नावही बदलते. सैन्याच्या अभिलेखात पत्नीचे नाव एक, आधार कार्डावर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे, आणि अमराठी लिपिकाने कधीतरी नावापुढे जोडलेले ‘बाई’ वेगळेच. पती हयात असताना ही बाब किरकोळ वाटते. कुटुंब निवृत्तिवेतनाची वेळ आल्यावर मात्र विधवा स्त्रीला मी तीच आहे हे सिद्ध करीत फिरावे लागते. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने, नाव व जन्मतारीख यांची दुरुस्ती करून घेणे हे कोणत्याही गृहप्रवेशाइतकेच महत्त्वाचे काम आहे, असे लेखिकेचे मत आहे.

मुलांची अडचण वेगळी. केंद्रीय विद्यालय संघटनेची स्थापना १९६३ साली झाली ती मुख्यतः बदलीच्या नोकरीतील पालकांच्या मुलांना देशभर एकच अभ्यासक्रम मिळावा म्हणून. छावणी ते छावणी असा प्रवास त्यामुळे सुकर झाला. छावणीतून गावाकडचा प्रवास मात्र त्यात गृहीत धरलेला नाही. आठवीपर्यंत हिंदी-इंग्रजीत शिकलेले मूल येथे येते तेव्हा त्याला मराठी समजते, पण लिहिता येत नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली. ते योग्यच आहे; परंतु या मुलांना आपल्याच मातृभाषेत पहिलीपासून सुरुवात करावी लागते. चुलत भावंडे त्यांना ‘हिंदीवाले’ म्हणतात.

प्रवेश समितीवर काम करताना लेखिकेने एका विद्यार्थिनीची शाळा सोडल्याची पाच प्रमाणपत्रे पाहिली, चार राज्यांतील. बारावी दुसऱ्या राज्यातून केल्यामुळे तिला स्थलांतर प्रमाणपत्र आणि विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र हवे होते. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या गावचा पुरावा आणि अधिवासासाठी वडिलांची कागदपत्रेही हवी होती. वडील त्या वेळी सेवेच्या अखेरच्या महिन्यांत ईशान्येकडे होते. या सर्व कचेऱ्या तिच्या आईने पालथ्या घातल्या. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राज्यस्तरीय प्रवेशप्रक्रियेत सैनिकांच्या पाल्यांसाठी तीन वर्ग आहेत : राज्याचे अधिवासी असलेल्या माजी सैनिकांची मुले, अशाच सेवारत सैनिकांची मुले आणि महाराष्ट्रात बदलून आलेल्या सेवारत सैनिकांची मुले. कला व वाणिज्य शाखांकडे येणाऱ्यांना अशा वर्गवारीचा आधार नसतो. तेथे कनिष्ठ लिपिकाची समजूतदारी हाच आधार. त्या मुलीने पहिल्या सत्रात मराठीच्या तासाला बसणेच टाळले होते. ‘मराठा’ आडनावाची मुलगी मराठी अडखळत वाचते याची वर्गात झालेली थट्टा हे त्याचे कारण होते, हे फार उशिरा कळले.

कधीकधी विद्यार्थी म्हणून स्वतः माजी सैनिकच येतो. दहावी उत्तीर्ण आणि १५ वर्षे सेवा झालेल्या सैनिकाला गट ‘क’ च्या नोकऱ्यांसाठी पदवीधराच्या समकक्ष मानण्याची केंद्र शासनाची तरतूद आहे. नोकरीच्या अर्जावर चालणारी ही पदवी पदव्युत्तर प्रवेशाला मात्र चालत नाही, हे त्याला आपल्या खिडकीपाशी आल्यावर समजते.

२०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेने हे चित्र पालटत आहे. साडेसतरा ते एकवीस या वयात भरती होणारा अग्निवीर चार वर्षे सेवा करतो. प्रत्येक तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंत जवानांनाच नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. इतरांना निवृत्तिवेतन नाही, सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी मिळतो. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी सुरू झाले, म्हणजे त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. यांच्यामागे पत्नी-मुले क्वचितच असतील. असतील ते आईवडील, आणि ‘पेन्शनवर आला’ हे शब्द त्यांच्याबाबतीत वापरता येणार नाहीत. सेवेतील कौशल्य प्रशिक्षणाला पदवीच्या श्रेयांकांत स्थान देणारा इग्नूचा विशेष अभ्यासक्रम २०२२ मध्येच जाहीर झाला. आपल्या महाविद्यालयांनी द्वितीय वर्षाच्या वर्गात बसू पाहणाऱ्या तेवीस वर्षांच्या माजी जवानाचे श्रेयांक कसे मोजायचे आणि खंड पडलेल्या चार वर्षांचा दाखला कोणाकडून मागायचा, हे प्रवेश अर्ज छापण्यापूर्वी ठरविणे आवश्यक आहे.