चिपाडातून निघालेलं द्रावक

मागच्या लेखात आपण उसाच्या चिपाडातल्या हेमिसेल्युलोजपाशी थांबलो होतो. ते आम्लाबरोबर तापवलं, की त्याची झायलोज ही शर्करा सुटी होते, तिच्यातून पाण्याचे तीन रेणू निघून जातात आणि बदामाच्या वासाचं एक तेल हाती येतं. त्याचं नाव फरफ्युरल. अमेरिकेत 1922 पासून क्वेकर ओट्स कंपनीने ते ओटच्या तुसापासून काढलं, तर दक्षिण आफ्रिकेतल्या सेझेला इथल्या साखर कारखान्यात ते बगॅसपासून, म्हणजे चिपाडापासून, निघतं. आपल्याकडे मात्र बगॅस मुख्यतः बॉयलरमध्ये जळतो, याची मला खरोखर हळहळ वाटते.

फरफ्युरलच्या रेणूत चार कार्बन आणि एका ऑक्सिजनचं कडं असतं, आणि त्याला आल्डिहाइडची एक शेपटी जोडलेली असते. दोन्हीकडे हायड्रोजन जोडता येतो. तो आधी कुठे जोडायचा, हे उत्प्रेरक धातू ठरवतो. तांब्याच्या पृष्ठभागाला कडं जवळ नको असतं. रेणू शेपटीच्या ऑक्सिजनने धातूला धरतो आणि कडं वर राहतं. त्यामुळे हायड्रोजन शेपटीलाच मिळतो, तिचा ऑक्सिजन पाणी होऊन जातो आणि मिथाइलफ्युरान तयार होतं. पॅलेडियमवर तोच रेणू आडवा पसरतो. तिथे शेपटी कार्बन मोनॉक्साइड होऊन तुटून पडण्याचा धोका असतो. म्हणून पहिली पायरी तांब्यावर करायची आणि कड्याला हायड्रोजन देण्याची दुसरी पायरी निकेलवर. शेवटी मिळतं ते 2-मिथाइल टीएचएफ हे द्रावक, टीएचएफचं (टेट्राहायड्रोफ्युरानचं) भावंड.

औषधनिर्मितीत टीएचएफ हे द्रावक फार वापरलं जातं. ते बहुतांशी खनिज तेल, वायू किंवा कोळशापासून येतं. शिवाय ते पाण्यात पूर्ण मिसळतं. अभिक्रिया संपल्यावर त्यात पाणी घातलं, तर माल वेगळा काढायला बहुधा टोल्युईनसारखं आणखी एक द्रावक ओतावं लागतं. 2-मिथाइल टीएचएफ पाण्यात थोडंच विरघळतं. मिश्रण स्थिर ठेवलं की दोन थर वेगळे होतात आणि वरचा थर सरळ काढून घेता येतो. ते उकळतं 80 अंशांना, टीएचएफ 66 ला. म्हणजे अभिक्रिया थोडी जास्त तापवताही येते. एक काळजी मात्र दोन्हींच्या बाबतीत सारखीच घ्यावी लागते : हवेत राहिलं तर स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात.

आता ‘हरित’ या शब्दाविषयी. फरफ्युरलच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे चार रेणू खर्च होतात, आणि आजचा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशातून येतो. कच्चा माल शेतातला असला, तरी हा हिशेब मांडल्याशिवाय त्या द्रावकाला हरित म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

हायड्रोजन, धातू आणि फरफ्युरल यांची गाठ तशी जुनीच. जर्मनीतल्या येना इथे योहान डोबेरायनरने 1823 मध्ये प्लॅटिनमवर हायड्रोजन आपोआप पेटतो हे दाखवलं. फॉर्मिक आम्ल बनवताना फरफ्युरलही पहिल्यांदा त्याच्याच भांड्यात जमलं. तेच फॉर्मिक आम्ल स्वतः हायड्रोजन देऊ शकतं, आणि सेल्युलोजपासून लेव्ह्युलिनिक आम्ल करताना ते आयतंच सोबत मिळतं. ते रुथेनियमवर कसं वापरतात, हे पुढच्या आठवड्यात.