पन्नास वर्षं वाट पाहणारं गाणं

डोळ्यांसमोर एक रंगमंच आणा. मेक्सिकोतल्या पैलवानांसारखे रंगीबेरंगी, चकाकते मुखवटे चढवून चार जण गिटार आणि ड्रम वाजवताहेत. त्यांच्यापुढे उभा असलेला गायक मात्र उघड्या चेहऱ्याचा. पांढरेशुभ्र केस, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, वय पंचाहत्तरीपार. पोरं ज्या गाण्यांवर ताल धरताहेत, त्यांतली काही त्यांच्या आईबापांच्या जन्माआधीची आहेत. हा इंग्लंडचा निक लो. जन्म १९४९चा. ज्या संगीतप्रकारात विशीतला जोम हेच भांडवल मानतात, त्यात हा माणूस अजून उभा कसा?

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू, कारण पहिलं आश्चर्य तिथेच दडलेलं आहे. पॉवर पॉप हे नाव १९६७ साली ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंडने वापरलं. म्हणजे गोड चाल, सुरेल कोरस, साडेतीन मिनिटांत संपणारं गाणं आणि त्याखाली गुरगुरणारी गिटार. पेढ्याला मिरचीची फोडणी द्यावी तसं काहीतरी. मग हे जमतं कसं?

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज अँप्लिफायरला झेपेना इतका वाढवला की ध्वनिलहरींची टोकं छाटली जातात आणि लग्नाच्या मांडवातला कर्णा फाटावा तसा आवाज येतो. अशा फाटक्या आवाजात पूर्ण स्वरसंघात, म्हणजे षड्ज, गंधार आणि पंचम एकत्र, वाजवला तर सगळा चिखल होतो. म्हणून वादक गंधार काढून टाकतात. उरतात षड्ज आणि पंचम, म्हणजे आपल्या तंबोऱ्याचीच जोडी!

आता गंमत बघा. षड्ज सेकंदाला २०० कंपनांचा असेल, तर पंचम ३०० कंपनांचा. आवाज फाटला की या दोन स्वरांच्या मिश्रणातून त्यांच्यातल्या फरकाचा तिसरा स्वर जन्मतो. तीनशेतून दोनशे गेले, उरले शंभर. शंभर म्हणजे त्याच षड्जाचा खर्ज, बरोबर एक सप्तक खाली! तो कुणीही छेडलेला नाही. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार तुम्ही ऐकला असेल. इथे खर्ज स्वयंभू आहे. दोन स्वरांच्या पोटातून जमीन हादरवणारा तिसरा निघतो, हीच ती ‘पॉवर’. आणि गंधाराची रिकामी जागा? ती गळ्यांनी भरायची. गोडवा कोरसकडून, ताकद गिटारकडून.

निक लो या घराण्याच्या गोड टोकाचा माणूस. पण त्याची सुरुवात आपटी खाऊनच झाली. १९७० साली त्याच्या ‘ब्रिन्स्ली श्वॉर्झ’ या बँडचा गाजावाजा करण्यासाठी इंग्लंडमधल्या पत्रकारांचं विमानच्या विमान न्यूयॉर्कच्या ‘फिलमोर ईस्ट’ सभागृहात नेलं गेलं. विमानाला उशीर झाला, कार्यक्रम रंगला नाही आणि छापून आली ती फजिती. दुसरा एखादा बँड तिथेच मोडला असता. यांनी काय केलं? लंडनच्या पबमध्ये जाऊन वाजवायला लागले. हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला साध्या गाण्याने कसं धरून ठेवायचं, ही तालीम लोला त्या पबांनी दिली.

१९७६मध्ये लंडनमध्ये ‘स्टिफ’ ही इवलीशी रेकॉर्ड कंपनी निघाली. तिची पहिलीच तबकडी लोची, ‘सो इट गोज’. क्रमांक होता ‘बाय १’, म्हणजे ‘विकत घ्या १’. ध्वनिमुद्रणाचा खर्च अवघा ४५ पौंड असल्याचं सांगतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘द डॅम्ड’ या बँडची ‘न्यू रोज’ आली. ब्रिटिश पंकची पहिली तबकडी म्हणून ती इतिहासात गेली. तिचा निर्माताही लोच! मग गायक एल्विस कॉस्टेलोचे पहिले पाच अल्बमही त्यानेच घडवले. स्टुडिओत लोला नाव पडलं ‘बॅशर’, म्हणजे ठोकून काढणारा. घासूनपुसून गुळगुळीत करत बसायचं नाही, वाजवणाऱ्यांचं रक्त गरम आहे तोवर मुद्रण उरकायचं, ही त्याची पद्धत.

१९७९ साली ‘क्रुएल टू बी काइंड’ आलं. ‘ब्रिन्स्ली श्वॉर्झ’मधला जुना सोबती इयन गॉम याच्यासोबत ते त्याने काही वर्षांपूर्वीच लिहिलं होतं. शीर्षकाची कल्पना शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधली. आधी ते एका तबकडीच्या मागच्या बाजूला पडून होतं. नव्याने मुद्रित झालं आणि ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे बाराव्या क्रमांकावर पोचलं. त्याच्या व्हिडिओत लोच्या खऱ्या लग्नाची दृश्यं आहेत. वधू कार्लीन कार्टर, म्हणजे थोर गायक जॉनी कॅशची सावत्र मुलगी.

पुढे ऐंशीचं दशक सरता सरता टाळ्या ओसरल्या, संसारही मोडला. पॉप गायकाच्या आयुष्यात अशा वेळी दोनच वाटा दिसतात. केस काळे करून जुनंच गात राहायचं किंवा घरी बसायचं. लोने तिसरी वाट शोधली. वय लपवायचं कसं, हा प्रश्नच त्याने बाजूला ठेवला. वाढतं वय हेच ज्याचं बळ ठरेल, असं गाणं कसं लिहायचं, या विचाराला तो लागला. पट्टी सोसेल तेवढीच ठेवायची, ओरडायचं नाही, माइकजवळ जाऊन कानात सांगितल्यासारखं गायचं. नवं गाणं घरी इतक्या वेळा गायचं, की ते दुसऱ्याच कुणाचं तरी जुनं गाणं वाटावं. म्हणजे मग आपल्या हुशारीचे ओरखडे त्यावर राहत नाहीत.

पण असा प्रयोग करायला पोट भरलेलं हवं. ते कसं भरलं? ते समजायला एक गोष्ट लक्षात घ्या. गाण्याला दोन मालक असतात, एक रचनेचा आणि दुसरा ध्वनिमुद्रणाचा. बंदिश बांधली कुणी आणि त्या दिवशी गायली कुणी, तसं. गाणारा कुणीही असो, प्रत विकली गेली की रचनाकाराला त्याचा छोटा वाटा मिळतोच.

१९७४ साली, पंचविशीच्या उंबरठ्यावर, लोच्या बँडने त्याचं एक गाणं मुद्रित केलं होतं. शांती, प्रेम आणि समजूतदारपणा यांत हसण्यासारखं काय आहे, असं ते विचारतं. फार कुणी ऐकलं नाही. १९७८मध्ये कॉस्टेलोने ते तावातावाने गायलं, तेही लोच्याच एका तबकडीच्या मागच्या बाजूला. मग आलं १९९२. व्हिटनी ह्यूस्टनचा ‘द बॉडीगार्ड’ हा चित्रपट आणि त्याच्या संगीताचा अल्बम. लोकांनी तो व्हिटनीच्या आवाजासाठी घेतला. पण त्याच अल्बममध्ये कर्टिस स्टायगर्सने गायलेलं लोचं हे गाणंही होतं. अल्बमच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या, आणि प्रत्येक प्रतीमागे काही सेंट इंग्लंडमधल्या या माणसाच्या खात्यात जमा होत राहिले! अठरा वर्षांपूर्वी पेरलेलं बी, आणि पीक कुठल्या शेतात आलं पाहा. त्या पैशावर लोला आपल्या मनाप्रमाणे बँड सांभाळता आला.

१९९४मध्ये ‘द इम्पॉसिबल बर्ड’ हा अल्बम आला. त्यात ‘द बीस्ट इन मी’ आहे. सासऱ्यांसाठी म्हणून लोने ते सुरू केलं होतं, पण ते पुरं व्हायला वर्षंच्या वर्षं गेली. तोवर जावयाचं नातं सुटलं, गाण्याचं मात्र टिकलं. कॅशने त्याच वर्षी आपल्या पुनरागमनाच्या अल्बममध्ये ते गायलं. सगळं ठोकून काढणाऱ्या ‘बॅशर’ने एका गाण्यासाठी इतकी कळ काढावी!

आणि तरीही एक खिंड उरलीच होती. २०१३ नंतर लोचे अल्बम थांबले. २०१५मध्ये दीर्घकाळचा साथीदार ड्रमर बॉबी अर्विन गेला, २०१७मध्ये ध्वनिमुद्रणातला उजवा हात नील ब्रॉकबँक. अशा माणसांसोबत अर्धं कौशल्यच निघून जातं. लोला पुन्हा रस्त्यावर आणलं ते सुरुवातीला पाहिलेल्या मुखवटेवाल्यांनी. नॅशव्हिलचा हा ‘लॉस स्ट्रेटजॅकेट्स’ बँड प्रामुख्याने शब्दांविनाच वाजवतो. गायकाला शब्द आहेत, बँडला जोम आहे. अर्धी-अर्धी भाकरी एका ताटात आली! दौऱ्यांमधल्या मोकळ्या दिवसांत थोडी थोडी गाणी मुद्रित होत गेली आणि सप्टेंबर २०२४मध्ये ‘इनडोअर सफारी’ बाहेर आला. अकरा वर्षांनंतरचा अल्बम, तोही पंचाहत्तराव्या वर्षी.

या दौऱ्यांत ते १९७४चं गाणं तो आजही गातो. सगळ्यात मोठं नवल मी शेवटासाठी राखून ठेवलं होतं. तरुण लोने ते स्वतःच्या तोंडून लिहिलंच नव्हतं. जग पुढे निघून गेल्यावर मागे राहिलेला, आपल्या जुन्या स्वप्नांना कवटाळून बसलेला एक हिप्पी त्याने कल्पिला होता. थोड्या थट्टेने त्याच्या मुखात त्याने हे शब्द घातले. पंचविशीच्या पोराने घातलेला तो म्हाताऱ्याचा मुखवटा होता.

आता लोचं वय त्या हिप्पीच्याही पुढे गेलं आहे. थट्टा कधीच विरून गेली. तो गाणं संथ करतो, जवळजवळ बोलल्यासारखं म्हणतो, आणि प्रश्न खराखुरा ऐकू येतो. मागचे चौघे मुखवट्यात उभे असतात. पुढे उभ्या असलेल्याचा मुखवटा तेवढा पन्नास वर्षांत त्याचा चेहरा झालेला असतो.