आशियाचा बाजार एक होतोय, पण गरिबाच्या पदरात काय पडतंय?

२८ एप्रिल २०२२ रोजी इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात थांबवली. त्यांच्याच देशात खाद्यतेल इतकं महाग झालं होतं की लोकांना तेलासाठी रांगेत उभं राहावं लागत होतं. २३ मे रोजी ही बंदी उठली. पण तेवढ्या दिवसांत भारतातल्या तेलाच्या बाजाराचा जीव टांगणीला लागला. कारण आपण बाहेरून जे खाद्यतेल आणतो त्यात पाम तेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे आणि ते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातूनच येतं. युक्रेन युद्धामुळे सूर्यफूल तेल आधीच अडकलं होतं. जकार्तात घेतलेला एक निर्णय आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानापर्यंत येतो तो असा.

‘प्रादेशिक आर्थिक सहकार्य’ हे शब्द बातम्यांत आले की आपण चॅनेल बदलतो. वाटतं, हा मंत्र्यांचा आणि मोठ्या कंपन्यांचा विषय आहे. प्रत्यक्षात तो तेलाच्या डब्याचा, नोकरीचा आणि परदेशात कमावणाऱ्या माणसाने घरी पाठवलेल्या पैशांचा विषय आहे. म्हणून तो जरा सोपा करून समजून घेऊ.

आसियानची सुरुवात

८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉकमध्ये इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड या पाच देशांनी मिळून ‘आसियान’ ही संघटना स्थापन केली. त्या वेळी व्यापार हा मुख्य हेतू नव्हता. शेजारी आपसात भांडू नयेत, व्हिएतनामच्या युद्धाची आग आपल्या दारापर्यंत येऊ नये, ही खरी चिंता होती. पुढे ब्रुनेई आला. मग १९९५ मध्ये खुद्द व्हिएतनाम आला, १९९७ मध्ये लाओस आणि म्यानमार, १९९९ मध्ये कंबोडिया. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिमोर-लेस्ते अकरावा सदस्य झाला.

या घरात सगळे सारखे नाहीत. सिंगापूर जगातल्या अतिश्रीमंत देशांत मोडतो, तर लाओस आणि कंबोडिया अजून गरिबीशी झगडत आहेत. राजेशाही आहे, लोकशाही आहे, एकपक्षीय सत्ताही आहे. म्हणून आसियानचा नियम ठरला की सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय निर्णय नाही आणि कोणी कोणाच्या घरगुती कारभारात नाक खुपसायचं नाही. यामुळे गाडी हळू चालते. पण इतके वेगळे देश इतकी वर्षं एका टेबलावर बसून आहेत, ते याच नियमामुळे.

१९९२ मध्ये त्यांनी आपसातला आयात कर कमी करत नेण्याचं ठरवलं. २०१५ च्या अखेरीस ‘आसियान आर्थिक समुदाय’ अस्तित्वात आला.

संकटाने शिकवलेला धडा

२ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपलं चलन ‘बाट’ बाजाराच्या हवाली केलं आणि ते कोसळलं. ती लाट इंडोनेशिया, मलेशिया, दक्षिण कोरियापर्यंत गेली. इंडोनेशियात संकटापूर्वी एका डॉलरला साधारण २,४०० रुपिया मिळत. काही महिन्यांत हा आकडा १०,००० च्या पुढे गेला. बाहेरून आणलेली औषधं, अन्न, कच्चा माल, सगळं आवाक्याबाहेर गेलं. कारखाने बंद पडले, मुलांच्या शाळा सुटल्या, शहरांत दंगली झाल्या. मे १९९८ मध्ये तीस वर्षांहून अधिक सत्तेवर असलेल्या सुहार्तो यांना राजीनामा द्यावा लागला.

या देशांना तेव्हा कळलं की आजारी शेजाऱ्याला एकटं सोडलं तर ताप आपल्यालाही येतो. मे २००० मध्ये आसियान, चीन, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी थायलंडमधल्या चियांग माई शहरात एक व्यवस्था ठरवली. एखाद्या देशाकडचे डॉलर संपत आले तर बाकीच्यांनी त्याला ते तात्पुरते द्यायचे. आपल्या भिशीसारखंच म्हणा, फक्त इथे सदस्य म्हणजे देश. ही रक्कम पुढे १२० अब्ज डॉलरची आणि २०१४ मध्ये २४० अब्ज डॉलरची झाली.

याच देशांनी तांदळाचाही साठा बांधला. २०११ मध्ये करार झाला आणि एकूण ७,८७,००० टन तांदूळ आणीबाणीसाठी राखून ठेवण्याचं ठरलं. यात चीनचा वाटा तीन लाख टन, जपानचा अडीच लाख, कोरियाचा दीड लाख आणि आसियान देशांचा मिळून ८७,०००. २०१३ मध्ये हैयान वादळाने फिलिपिन्स उद्ध्वस्त केलं, तेव्हा या व्यवस्थेतून तिथे तांदूळ पोहोचला. ज्यांचं घर वाहून गेलं त्यांच्यासाठी ‘प्रादेशिक सहकार्य’ म्हणजे ती तांदळाची गोणी होती.

आरसेप: पंधरा देशांचा एक बाजार

आता सर्वांत मोठ्या कराराकडे येऊ. ‘प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी’ म्हणजेच आरसेप. आसियानचे दहा देश आणि चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा पंधरा देशांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी यावर सह्या केल्या. १ जानेवारी २०२२ पासून तो लागू होऊ लागला. जगाची साधारण ३० टक्के लोकसंख्या आणि जवळपास तेवढीच अर्थव्यवस्था यात येते. सुमारे ९० टक्के वस्तूंवरचा आयात कर टप्प्याटप्प्याने, वीस वर्षांपर्यंतच्या काळात, संपवायचा आहे.

पण नुसता कर कमी होणं ही यातली मुख्य गंमत नाही. मुख्य गोष्ट आहे ‘मूळ देशाचा नियम’. समजा, एक टेबल फॅन आहे. मोटर चीनची, वायर मलेशियाची, पाती थायलंडची आणि जोडणी व्हिएतनाममध्ये. मग हा पंखा कोणत्या देशाचा? पूर्वी वेगवेगळ्या करारांत याची वेगवेगळी उत्तरं होती. प्रत्येकासाठी वेगळा कागद, वेगळा हिशेब. मोठी कंपनी त्यासाठी माणसं ठेवते. वीस कामगारांच्या छोट्या कारखानदाराला ते परवडत नाही, म्हणून तो निर्यातीच्या वाटेलाच जात नाही.

आरसेपमध्ये बऱ्याच वस्तूंसाठी सरळ हिशेब आहे. मालाच्या किमतीतला किमान ४० टक्के भाग या पंधरा देशांत मिळून तयार झाला असेल तर तो या प्रदेशाचा माल, त्याला सवलत मिळणार. सुटे भाग कोणत्याही सदस्य देशातून आले तरी ते या हिशेबात धरता येतात. छोट्या उद्योगांसाठी करारात एक स्वतंत्र प्रकरणही आहे.

सगळ्यांना सोबत घेऊन, म्हणजे नेमकं कोणाला?

सरकारी भाषेत याला ‘समावेशक विकास’ म्हणतात. देश श्रीमंत झाला आणि गरीब तिथेच राहिला, तर तो समावेशक नाही.

व्हिएतनामचं उदाहरण बघा. १९८६ मध्ये त्यांनी ‘दोई मोई’ नावाने आर्थिक सुधारणा सुरू केल्या, १९९५ मध्ये आसियानमध्ये आले, २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली निम्म्याहून अधिक जनता गरिबीत होती. आता ते प्रमाण खूपच खाली आलं आहे. मोबाइल, कपडे आणि बूट बनवणाऱ्या कारखान्यांत खेड्यांतून आलेल्या लाखो मुली कामाला लागल्या.

फक्त सीमा उघडल्याने हे झालं का? नाही. त्याआधी खेड्यापाड्यांत शाळा पोहोचल्या होत्या. २०१२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत १५ वर्षांच्या व्हिएतनामी मुलांनी गणितात अमेरिकेच्या मुलांना मागे टाकलं. अर्थात ही चाचणी शाळेत असलेल्या मुलांचीच होते, शाळा सोडलेली मुलं त्यात दिसत नाहीत. तरी मुद्दा उरतोच. बाजार उघडला की संधी दारात येते, पण ती उचलायला हातात शिक्षण आणि हुनर लागतं. शिक्षिका म्हणून मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

आता दुसरी बाजू. आसियानमध्ये माल मोकळा फिरतो, पण माणूस मोकळा फिरत नाही. त्यांनी अभियंते, परिचारिका, वास्तुविशारद, डॉक्टर, दंतवैद्य, लेखापाल, सर्वेक्षक आणि पर्यटन क्षेत्रातले लोक अशा आठच क्षेत्रांत एकमेकांची पात्रता मान्य करण्याचे करार केले आहेत. प्रत्यक्षात दुसऱ्या देशात राबायला जाणारे बहुतेक लोक या यादीत बसतच नाहीत. मलेशियाच्या पाम तेलाच्या मळ्यात आणि घरकामात इंडोनेशियाचे लोक आहेत. थायलंडच्या मासेमारीत आणि बांधकामावर म्यानमार, कंबोडियाचे मजूर आहेत. २००७ मध्ये सेबू इथे आणि २०१७ मध्ये मनिला इथे आसियानने स्थलांतरित कामगारांच्या हक्कांबद्दल जाहीरनामे काढले, पण ते कायद्याने बंधनकारक नाहीत. आरसेपमध्येही कामगारांसाठी किंवा पर्यावरणासाठी स्वतंत्र प्रकरण नाही. घरातलं कोणी आखातात कामाला असेल तर पासपोर्ट मालकाकडे असणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

एका ठिकाणी मात्र छोट्या माणसाला थेट दिलासा मिळाला आहे. एप्रिल २०२१ मध्ये सिंगापूर आणि थायलंडने आपल्या मोबाइल पेमेंटच्या व्यवस्था एकमेकींना जोडल्या. सिंगापुरात काम करणारा थाई माणूस आता फक्त मोबाइल नंबरवर घरी पैसे पाठवू शकतो. इंडोनेशियाने २०२२-२३ मध्ये थायलंड, मलेशिया आणि सिंगापूरशी क्यूआर कोड जोडून घेतले. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी आपलं यूपीआयही सिंगापूरच्या ‘पे-नाउ’शी जोडलं गेलं. मधला दलाल कमी झाला की पाठवलेल्या पैशातला जास्त हिस्सा घरी पोहोचतो.

भारत बाहेर का राहिला?

आरसेपच्या चर्चेत भारत सुरुवातीपासून होता. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने माघार घेतली. मुख्य भीती दोन होत्या. एक, चिनी मालाचा लोंढा. २०१८-१९ मध्येच चीनबरोबरचा आपला व्यापारी तोटा ५० अब्ज डॉलरच्या वर होता. आयात एकदम वाढली तर कर आपोआप वाढावा अशी तरतूद भारताला हवी होती, ती मनासारखी मिळाली नाही. दुसरी भीती न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या दुधाच्या पदार्थांची. दोन-चार म्हशींवर घर चालवणारा आपला शेतकरी त्यांच्याशी स्पर्धा कशी करणार, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या दूध उत्पादकांनाही पडला होता.

ही भीती खोटी नव्हती. पण हेही लक्षात घ्यायला हवं की जपानने आरसेपमध्ये राहूनही तांदूळ, गहू, मांस, दूध आणि साखर ही आपल्या शेतकऱ्यांची नाजूक पिकं आणि उत्पादनं कर-कपातीपासून बाजूला ठेवली. पुढे भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात वेगळा करार झाला, तो २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे आणि त्यात दुग्धपदार्थ वगळलेले आहेत. म्हणजे दार पूर्ण उघडायचं किंवा पूर्ण बंद करायचं, एवढेच दोन मार्ग नसतात. किती उघडायचं हे वाटाघाटीत ठरतं.

बाहेर राहण्याचीही किंमत असते. सुट्या भागांची साखळी जिथे जुळते तिथे कारखाने जातात. पंख्याचं उदाहरण पुन्हा आठवा. त्याची मोटर भारतात बनली असती तर त्या ४० टक्क्यांत ती धरली गेली नसती. भारतासाठी आरसेपचं दार अजून उघडं ठेवलेलं आहे. बाकी देशांना थांबावं लागलं, भारताला मात्र करार लागू झाल्यापासून कधीही येता येईल अशी तरतूद त्यात आहे.

आपण काय पाहायचं?

यापुढेही असे करार होत राहतील. बातमीत अब्जावधींचे आकडे येतील. तेव्हा आपण काही साधे प्रश्न विचारावेत. यातून छोट्या कारखानदाराचं कागदी काम कमी झालं की वाढलं? शेतकऱ्याला आणि कारागिराला सावरायला किती वर्षं दिली आहेत? मालाबरोबर मजुराच्या हक्कांचाही विचार झाला आहे का? ज्याचा रोजगार जाईल त्याला नवीन काम शिकवण्याची सोय कोण करणार?

आणि घरात दहावी-बारावीची मुलं असतील तर त्यांच्याशी हा विषय जरूर बोला. वाणिज्य शाखेतल्या मुलांनी आयात-निर्यातीची कागदपत्रं आणि सीमाशुल्काचे नियम शिकून घेतले तर त्यात काम आहे. आयटीआयला जाणाऱ्या मुलाने आपलं प्रमाणपत्र कोणत्या देशात मान्य होतं हे आधी तपासावं. बाजाराची दारं उघडतात किंवा बंद होतात ती आपल्याला विचारून नाही. पण दार उघडेल तेव्हा आपलं मूल उंबरठ्यावर तयार उभं असावं, एवढं तर आपल्या हातात आहे.