सुरत ते आग्रा: बऱ्हाणपूरचा मुक्काम

सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरात उतरलेल्या परदेशी माणसाला आग्र्याच्या दरबारी जायचे असेल, तर त्याच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असत. एक अहमदाबादवरून जाई. दुसरी बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी खानदेशातून तापीच्या काठाकाठाने बऱ्हाणपूरला पोहोचे आणि तेथून सातपुडा ओलांडून सिरोंजकडे वळे. फारुकी सुलतानांनी वसवलेले आणि खुलदाबादला चिरनिद्रा घेत असलेल्या सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव धारण करणारे हे शहर अकबराने 1600 मध्ये घेतले. तेव्हापासून दख्खनच्या मोहिमांचे ते मोगली ठाणेच झाल्यामुळे या वाटेवरचा प्रत्येक व्यापारी, वकील आणि सरदार येथे थांबला. त्यांपैकी काहींनी लिहून ठेवलेल्या हकिकती आजही वाचण्याजोग्या आहेत, कारण राजकारणापेक्षा रस्ता, भाडे, जकात आणि मुक्काम यांची माहिती त्यांत अधिक आहे.

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर 1615 मध्ये येथे आला, तेव्हा शाहजादा परवेझ बऱ्हाणपुरात होता. रोला उतरण्यासाठी सराईत, म्हणजे वाटसरूंसाठी बांधलेल्या तटबंद धर्मशाळेत, चार खोल्या मिळाल्या. त्या विटांच्या, वरून गोलाकार आणि भट्टीएवढ्याच लहान असल्याची तक्रार नोंदवून त्याने आपल्या तंबूतच राहणे पसंत केले. शाहजादा आणि मोगल सेनापती खानखानान अब्दुर्रहीम यांच्यासारख्या थोड्यांचे वाडे सोडले तर शहरातील घरे मातीची आहेत, असेही त्याने लिहिले. पुढे तो तापाने आजारी पडला. अनोळखी हवेत पोहोचताच दरबारच्या भेटीगाठी सुरू करण्याची घाई केल्यास शरीर काय किंमत मागते, हे त्याच्या रोजनिशीवरून स्पष्ट दिसते.

प्रवासाच्या व्यवहाराचे सर्वांत बारीक ज्ञान मात्र झां बातिस्त ताव्हेर्निये या फ्रेंच रत्नव्यापाऱ्याकडे होते. त्याचा प्रवासग्रंथ 1676 मध्ये पॅरिसला छापला गेला आणि त्यात एका गावाहून दुसऱ्या गावाचे अंतर कोसांत दिलेले आहे. हिंदुस्थानात घोड्याऐवजी बैलावर बसून प्रवास करता येतो हे सांगताना तो बजावतो की, बैल विकत अथवा भाड्याने घेताना त्याची शिंगे फूटभरापेक्षा लांब नसावीत. माश्या चावल्या की बैल मान मागे झटकतो आणि लांब शिंग स्वाराच्या पोटात घुसते. दोन बैलांच्या प्रवासी गाडीचे भाडे दिवसाला सुमारे एक रुपया पडे. सुरतेहून आग्र्याला पस्तीस ते चाळीस दिवस लागत आणि सगळ्या वाटेचे मिळून 40 ते 45 रुपये द्यावे लागत. इभ्रतीने जायचे असेल तर वीसतीस हत्यारबंद माणसे बरोबर घ्यावीत आणि त्यांना दरमहा प्रत्येकी चार रुपये द्यावेत, असा त्याचा सल्ला आहे. वाटेत वणजाऱ्यांचा तांडा, म्हणजे धान्य वा मीठ वाहणाऱ्या बैलांचा काफिला, आडवा आला तर तो निघून जाईपर्यंत दोनतीन दिवसही थांबावे लागे, कारण एकेका तांड्यात दहाबारा हजार बैल असत.

खानदेशच्या वाचकाला विशेष जवळची वाटावी अशी त्याची नोंद नवापूरच्या तांदळाविषयी आहे. हा दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा असतो, शिजल्यावर बर्फाहून पांढरा दिसतो, त्याला कस्तुरीचा वास येतो आणि इराणात कोणाला आवडती भेट द्यायची तर या तांदळाची गोणी न्यावी, असे तो सांगतो. बऱ्हाणपूरच्या अलीकडच्या बहादूरपुरात मालाच्या गाड्यांकडून जकात घेतली जाते आणि नुसते प्रवासी नेणाऱ्या गाड्यांना ती माफ असते, हेही त्याने टिपले आहे. याच भागातील बहादूरपुऱ्याच्या श्रीमंत पेठेवर 1681 मध्ये हंबीरराव मोहित्यांनी छापा घातला. संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या आरंभीची ती मोठी मोहीम होती. मालाच्या गाड्या कोठे अडतात आणि पैसा कोठे साठतो, याची माहिती मराठ्यांना कोणत्याही फिरंग्यापेक्षा कमी नव्हती.

पीटर मंडी हा इंग्रज कंपनीचा नोकर 1630 च्या अखेरीस याच वाटेने गेला, तेव्हा दख्खन आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला होता. रस्त्यालगत प्रेतांचा खच पडलेला त्याने पाहिला. ही पाने वाचणे कठीण आहे, पण ती टाळून खानदेशचा इतिहास कळत नाही. शहाजहान तेव्हा फौजेसह बऱ्हाणपुरात तळ देऊन होता, आणि पुढच्याच जूनमध्ये, 1631 साली, मुमताजमहल येथे बाळंतपणात वारली. ताजमहालाच्या आधी तिचे दफन तापीपलीकडच्या जैनाबादेतील आहूखान्यात, म्हणजे हरणांसाठी राखलेल्या बागेत, झाले होते.

या सर्वांनी बऱ्हाणपूर पाहिले ते पुढच्या टप्प्याची तयारी करता करता. म्हणून शहराची दुसरी बाजू शोधण्यासाठी आजच्या प्रवाशाने सिंधीपुऱ्यात जावे. सोळाव्या शतकात सिंधमधील पाट या गावाहून काही सूफी घराणी राजकीय उलथापालथीमुळे निघाली आणि फारुकींच्या आश्रयाने येथे स्थिरावली. शेख ईसा जुंदुल्ला हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव, आणि पेठेचे नाव त्या सिंधी वस्तीची आठवण देते. ही माणसे दूरवरून आली आणि येथेच राहिली. निजामुल्मुल्काने 1731 मध्ये शहराभोवती जो विटांचा कोट उभारला, त्याच्या वेशींतही सिंधीपुरा वेस आहे. ताव्हेर्नियेने ज्या पारदर्शक मलमलीची इराण, तुर्कस्तान, पोलंड आणि कैरोपर्यंत होणारी निर्यात नोंदवली, ती विणणारे हात अशाच पेठांमधले होते. परदेशी हकिकतींत कापडाचे वर्णन भरपूर आहे. विणकराचे नाव मात्र मिळत नाही, आणि ही उणीव वाचकाने मनात ठेवलीच पाहिजे.

रो आला त्याच सुमारास खानखानान अब्दुर्रहीमच्या कारकिर्दीत येथे एक विलक्षण पाणीयोजना आकाराला येत होती. कुंडी भंडारा म्हणून ओळखली जाणारी ही रचना इराणातील कनातीच्या धर्तीची आहे: सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात अडवले जाते, बोगद्यावर ठराविक अंतराने विहिरीसारख्या शंभरांहून अधिक कुंड्या खोदलेल्या असतात, आणि केवळ उताराच्या जोरावर पाणी शहराकडे वाहते. औरंगाबादची मलिक अंबराची नहर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे तत्त्व लगेच उमगेल. मार्च 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कुंडी भंडाऱ्याचा समावेश झाला. सुमारे ऐंशी फूट खाली उतरण्यासाठी लिफ्ट बसवलेली आहे, पण ती त्या दिवशी चालू आहे का याची आधी चौकशी करावी. खाली चुनखडीचे थर साचून पांढरट झालेल्या भिंती पाहिल्याशिवाय या योजनेची कल्पना येत नाही.

भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावरील बऱ्हाणपूर स्थानक महाराष्ट्राच्या हद्दीपासून जवळ आहे, आणि रावेरकडून येणाऱ्याला बाजारात मराठीत बोलायला अडचण पडत नाही. तरीही बहुतेक मराठी प्रवासी एका दिवसात किल्ला आणि मावा जिलेबी उरकून परततात, हे खेदाचे आहे. निदान दोन दिवस हाताशी असावेत आणि उन्हाळा टाळावा. जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर शके 1511 चा संस्कृत शिलालेख आहे, तो आवर्जून पाहावा. दाऊदी बोहरा समाजाचे यात्रेकरू जगभरातून दर्गाह-ए-हकिमीला येतात. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये नांदेडकडे जाताना येथे थांबले होते, त्या मुक्कामाशी बडी संगत गुरुद्वारा निगडित आहे. शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा जयसिंग दख्खनेतून परतताना 1667 च्या ऑगस्टमध्ये बऱ्हाणपुरातच वारला. त्याची छत्री शहराबाहेर तापीकाठी आहे. तेथे जायचे तर शहरातूनच वाहन ठरवून, परतीचे भाडे आधी बोलून निघावे.