पंचवीस मीटरवरची परभणी

जुन्या वॉल्व्हच्या रेडिओत शॉर्टवेव्हचा पट्टा साधारण १६ मीटरपासून ५० मीटरपर्यंत असतो. काचेच्या डायलवर हे मीटर छापलेले असतात आणि त्यांच्या आजूबाजूला शहरांची नावे: दिल्ली, कोलंबो, लंडन. मीटर म्हणजे लहरीची लांबी. ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की ती निघते. ११.९ मेगाहर्ट्झला साधारण २५ मीटर आणि ७.२ मेगाहर्ट्झला ४१ मीटरच्या थोडे वर. असे सेट शोधणे, बोलते करणे आणि त्यांवर दूरची स्टेशने ऐकणे हा छंद जगभर आहे. परभणीसारख्या गावात त्याला वेगळा अर्थ येतो, कारण या जिल्ह्यात शॉर्टवेव्ह ही चैन नव्हती. पुष्कळ वर्षे रेडिओ म्हणजे शॉर्टवेव्हच.

याचे कारण भूगोलात आहे. मुंबई परभणीपासून सरळ रेषेत चारशे किलोमीटरवर, हैदराबाद पावणेतीनशे. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात आणि एवढ्या अंतरावर पोहोचेपर्यंत विरतात. रात्री त्या आभाळातून परततात, पण येत-जात राहतात. लघुलहरींचे, म्हणजे शॉर्टवेव्हचे, उलटे. त्या दोन-तीनशे किलोमीटर वर असलेल्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येतात आणि त्यांची पहिली उडी बहुधा हजार ते तीन हजार किलोमीटरच्या टप्प्यात पडते. कोलंबो ते परभणी हे अंतर सुमारे चौदाशे किलोमीटर. म्हणजे चारशे किलोमीटरवरची मुंबई दिवसा पुसट आणि समुद्रापलीकडचे कोलंबो खणखणीत, हा प्रकार इथे चमत्कार मानायचे कारण नव्हते.

या भागावर कोणाचे आवाज येत होते याचा क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. परभणी निजामाच्या राज्यात होती. हैदराबादचे डेक्कन रेडिओ केंद्र १९३५ पासून निजाम सरकारच्या हाती होते. ब्रिटिश मुंबईत प्रसारण १९२७ मध्ये सुरू झाले होते आणि १९३८ मध्ये तिथे शॉर्टवेव्ह ट्रान्समीटरही आला. बीबीसीने १ मार्च १९४२ रोजी लंडनहून मराठी प्रसारण सुरू केले. मध्ये काही महिन्यांचा खंड पडला, तरी ते डिसेंबर १९५८ पर्यंत चालले. लंडन मराठीत बोलू लागले तेव्हा परभणीतले सरकारी कामकाज उर्दूत चालत होते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती जाहीर केली तीही हैदराबादच्या रेडिओवरूनच. परभणीला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस. आज त्याची ओळख १३०५ किलोहर्ट्झ ही मध्यम लहर आहे. ते केंद्र येईपर्यंत या गावाशी बोलणारे सगळे आवाज परगावचे होते.

त्यांतला सर्वांत लाडका आवाज कोलंबोचा. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने कोलंबोजवळ एकाला येथे १०० किलोवॅटचा ट्रान्समीटर उभारला होता. युद्धानंतर तो सिलोन सरकारला मिळाला. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर कैवारी. आकाशवाणीवरची चित्रपटगीते त्यांनी आखडती घेतली, निर्मात्यांशी बिनसले आणि गाणी जवळजवळ बंदच झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवार, रात्री आठ. देशभरचे काटे २५ आणि ४१ मीटरकडे वळले. शॉर्टवेव्ह पट्टा असलेल्या सेटची भारतात एवढी जाहिरात दुसऱ्या कोणी केली नसेल, आणि ती मंत्रिमहोदयांनी फुकट केली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढून आकाशवाणीने उत्तर दिले. तेही सुरुवातीला शॉर्टवेव्हवरच होते.

त्या काळचे सेट मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको, एचएमव्ही अशा नावांचे. मर्फीचे बाळ कॅलेंडरांवरून घराघरांत गेले होते. रेडिओ ठेवायला १९३३ च्या वायरलेस कायद्यानुसार परवाना लागे. तो पोस्टात मिळे, दरवर्षी शुल्क भरून नव्याने करावा लागे, आणि त्याचे छोटे पुस्तक रेडिओइतकेच जपले जाई. ही पद्धत १९८० च्या दशकात संपली. आज जुन्या सेटबरोबर ते पुस्तक सापडले, तर सेटच्या वयाचा तेवढा भक्कम पुरावा दुसरा नाही.

वीज नसलेल्या गावांसाठी बॅटरीवरचे वॉल्व्ह सेट होते. डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ अशी त्यांची चौकडी. वॉल्व्हच्या तापणाऱ्या तारेला दीड व्होल्ट पुरत, पण प्लेटला नव्वद व्होल्ट लागत, त्यामुळे बॅटरीचा विटेएवढा ठोकळा आणावा लागे. जिंतूर किंवा पालमच्या बाजूच्या खेड्यात असा सेट असला, तर बातम्या आणि गाणी झाल्याबरोबर तो बंद होई. बॅटरी पुन्हा आणायची म्हणजे बाजाराचा दिवस आणि रोख पैसे. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि या सेटांचे काम संपले. त्यांना तो ठोकळा आज मिळत नाही. नऊ व्होल्टच्या दहा छोट्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की भागते.

घरगुती विजेवरच्या सेटचे दोन प्रकार. एकात मोठा ट्रान्सफॉर्मर असतो. दुसरा स्वस्त, एसी-डीसी दोन्हींवर चालणारा आणि ट्रान्सफॉर्मर नसलेला. त्यात यूसीएच ८१, यूएफ ८९, यूबीसी ८१, यूएल ८४ आणि यूवाय ८५ हे पाच वॉल्व्ह असतात आणि त्यांच्या तारा दिवाळीच्या माळेसारख्या एकापुढे एक असतात. त्यांना अनुक्रमे १९, १२.६, १४, ४५ आणि ३८ व्होल्ट लागतात, म्हणजे बेरीज १२८.६. घरच्या विजेचे, म्हणजे मेनचे, २३० व्होल्ट; त्यातले उरलेले शंभरेक व्होल्ट एका जाड रेझिस्टन्सवर जिरवायचे. प्रवाह ०.१ अँपिअर, म्हणजे त्या रेझिस्टन्सवर दहा वॅटची उष्णता. माळेतला एक वॉल्व्ह गेला की पाचही विझतात. सेट अगदी मुका आणि अंधारा असेल, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

खरा कस मात्र स्टेशन लावण्यात लागतो. सेटच्या पोटात अॅल्युमिनियमच्या पात्यांची एक जोडी असते. कारागीर तिला गँग म्हणतात. पाती एकमेकांत शिरतात, बाहेर येतात, आणि त्याप्रमाणे स्टेशन बदलते. बटणापासून गँगपर्यंतचा दुवा म्हणजे एक दोरा. तो दांड्यावर दोन-तीन वेढे घेतो, गँगच्या चाकावरून जातो, कोपऱ्यातल्या पुल्यांवरून वळतो, डायलच्या काट्याला ओढतो आणि शेवटी चाकातल्या छोट्या स्प्रिंगमध्ये अडकतो. साठ वर्षांनी दोरा सैल पडतो. मग बटण फिरते, काटा जागचा हलत नाही. राळेचा तुकडा दोऱ्यावर घासून तात्पुरती पकड आणता येते. दोरा तुटला तर वेढे कोणत्या दिशेचे होते ते कोणालाच आठवत नाही. उलटा वेढा बसला, तर बटण उजवीकडे आणि काटा डावीकडे. म्हणून जुना दोरा काढण्याआधी त्याचा कागदावर नकाशा काढतात. वॉल्व्ह बदलायला दोन मिनिटे पुरतात. दोऱ्यात दुपार जाते.

दोरा एवढा का महत्त्वाचा, याचे उत्तर आकड्यांत आहे. वीस सेंटिमीटरच्या डायलवर ६ ते १८ मेगाहर्ट्झ बसवलेले असतात. २५ मीटरचा प्रसारणपट्टा जेमतेम ५०० किलोहर्ट्झ रुंद, म्हणजे डायलवर आठ-नऊ मिलिमीटर. दर पाच किलोहर्ट्झला एक जागा धरली, तर तेवढ्यात शंभर स्टेशनांची सोय आहे. काटा केसभर हलला की कोलंबो जाते आणि दुसरेच कोणी बोलू लागते. महागड्या सेटात हा पट्टा ताणून दाखवणारी वेगळी सोय असे. साध्या सेटात बोटांचा सराव हीच सोय.

त्यात एक चकवाही आहे. सेट आलेल्या लहरीत स्वतःची एक लहर मिसळतो आणि दोघींतला ४५५ किलोहर्ट्झचा फरक पुढे मोठा करतो. ११.९ मेगाहर्ट्झचे स्टेशन लावताना त्याची स्वतःची लहर १२.३५५ असते. पण काटा १०.९९ वर नेला की ती ११.४४५ होते, आणि तिच्यात व ११.९ मध्ये पुन्हा ४५५ चाच फरक पडतो. म्हणून तेच स्टेशन डायलवर दोनदा सापडते, दुसऱ्यांदा जरा दबक्या आवाजात. नवख्याला वाटते की दोन स्टेशने मिळाली. वहीत नोंद करण्याआधी या जुळ्यांची खात्री करून घ्यावी लागते.

नोंद हा छंदाचा निम्मा भाग आहे. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची, म्हणजे परभणीत रात्रीचे आठ वाजले तर वहीत १४:३०. फ्रिक्वेन्सी, कार्यक्रमातला काही ओळखीचा तपशील, आणि आवाज किती स्वच्छ ते पाच आकड्यांत. हा अहवाल स्टेशनला पाठवला की तिकडून पडताळणीचे रंगीत कार्ड येई. त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. काही स्टेशने अजूनही ते पाठवतात.

आता अडचणी, आणि त्या बऱ्याच आहेत. पहिली सेटाच्या आतली. मेणकागदाचे कंडेन्सर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मेण गाळतात आणि श्रावणात ओल पितात. त्यातला आवाजाच्या शेवटच्या वॉल्व्हला जोडणारा एक, ०.०१ मायक्रोफॅरडचा, फार खोडसाळ. तो गळू लागला की वॉल्व्हवर ताण येतो, त्याची प्लेट लालभडक होते आणि काही वेळात वॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जातात. म्हणून माळ्यावरून काढलेला सेट थेट बोर्डात खुपसायचा नसतो. आधी मेनच्या वाटेत शंभर वॅटचा साधा बल्ब मालिकेत जोडतात. बल्ब उजळून मंदावला तर ठीक; पूर्ण पेटलेला राहिला तर आत शॉर्ट आहे. आता तसला तारेचा बल्बही शोधावा लागतो, एलईडी या कामी येत नाही.

दुसरी अडचण आवाजाची आणि ती जास्त चिवट. पूर्वी खोलीच्या दोन भिंतींना चिनी मातीचे मणी लावून तांब्याच्या जाळीची पट्टी ताणत आणि तीच एरियल पुरे. आता त्या पट्टीला आधी घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर आणि शेजारच्या सौरपंपाचा कंट्रोलर सापडतात, स्टेशन नंतर. हे सगळे विजेचे वेगाने तुकडे करतात आणि त्याची खरखर नेमकी लघुलहरींवर पसरते. एरियल गच्चीवर, तारांपासून दूर नेली आणि पक्की अर्थ दिली की फरक पडतो. मेघगर्जनेच्या दिवसांत मात्र ती बाहेरची तार काढून ठेवावी लागते. ऐकायला सर्वांत उत्तम वेळ लोडशेडिंगची, पण तेव्हा वॉल्व्हचा सेटही बंद. त्या तासाभराचा धनी ट्रान्झिस्टर.

तिसरी अडचण म्हणजे बोलणारेच कमी झाले. नेदरलँड्सने २०१२ मध्ये शॉर्टवेव्ह सोडली. बीबीसी हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबले. बीबीसीचे मराठी २०१७ मध्ये परत आले, पण इंटरनेटवर. जुन्या सेटला त्याचा उपयोग नाही. चीन आणि जपानची प्रसारणे आहेत, आकाशवाणीची परदेशांसाठीची आहेत, आणि सूर्यावरचे डाग अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढले की १३ आणि १६ मीटरही दिवसा जागे होतात. तरीही ज्या डायलवर पूर्वी दाटी होती, तिथे आता लांबलांबपर्यंत सुसाट वारा ऐकू येतो.

म्हणून कित्येक जण सेटच्या मागच्या पिकअपच्या भोकांत मोबाइलची वायर घालून गीतमालेची जुनी रेकॉर्डिंग वाजवतात. ती भोके ग्रामोफोनसाठी होती, त्यामुळे आवाज छान येतो. जाणकार नाक मुरडतात. त्यांच्या नाराजीहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: ट्रान्सफॉर्मर नसलेल्या यू मालिकेच्या सेटात पत्र्याची चेसिस थेट मेनला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर चेसिसवर पूर्ण २३० व्होल्ट येतात आणि पिकअपच्या वायरीतून ते हातातल्या मोबाइलपर्यंत पोहोचू शकतात. अशा सेटाला आधी एकास एकचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा, मागचा पुठ्ठा कधीही काढून ठेवू नये, आणि बटणांच्या आतले उघडे पडलेले स्क्रू मेणाने बुजवावेत. कारखान्यातून सेट निघाले तेव्हा ते मेणाने बुजवलेलेच होते.